गाडी थांबवणारी

हेरंब आणि शीतल या नवरा-बायकोला आदिलाबादेत लोक मागून हसत, आणि हसण्यासारखं होतंच. दारात चांगली कार उभी, तिच्यावर कव्हर घातलेलं, आणि ही दोघं रविवारी पहाटेच्या बसनं कुठल्यातरी डोंगराच्या पायथ्याशी उतरणार, दिवसभर पायपीट करणार आणि संध्याकाळी कुणाच्या तरी टेम्पोत, कापसाच्या बोऱ्यांवर नाहीतर बकऱ्यांच्या शेजारी बसून घरी येणार. शेजारच्या देवकाबाई म्हणत, "गाडी हाये, पैसा हाये, अन् लक्षणं पाहा भिकाऱ्याचे." हेरंब त्यांना समजावून सांगायचा, की डोंगर एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरायचा असतो, कार नेली तर ती अलीकडेच राहते आणि तिला आणायला पुन्हा तोच डोंगर चढावा लागतो. देवकाबाईंना हे काही केल्या पटत नसे. मग तुम्ही डोंगर चढताच कशाला, असं त्या विचारत, आणि हेरंब पुढच्या रविवारच्या बसची वेळ पाहायला लागे.

तर डोंगर उतरून सडकेला लागलं की परतीची गाडी मिळवायची, हा या खेळातला शेवटचा डाव. तो डाव कायम शीतलचा. ती सरकारी शाळेत गणित शिकवायची आणि बदल्यांच्या कृपेनं जिल्ह्यातली बरीच मंडलं, म्हणजे तिकडचे तालुके, पालथी घालून आली होती. सडकेच्या कडेला उभी राहून ती हात नुसता खांद्याएवढा उचलायची. गाडी थांबली की खिडकीशी जाऊन मराठी, हिंदी, तेलुगू, समोरचा जे बोलेल ते बोलायची. कधीकधी आतला ड्रायव्हर तिचाच जुना विद्यार्थी निघे आणि मॅडमला पाहून घाईघाईनं विडी बाहेर फेकी. हेरंब तेव्हा मागे, दोन्ही पिशव्या घेऊन, एखाद्या झाडाखाली. त्याला कुणाकडे काही मागणं जमत नसे. बँकेत काचेआड बसणारा माणूस. लोक त्याच्यापुढे उभे राहतात, तो मान हलवतो. उभ्या जन्मात त्यानं कुणाला "जरा सोडता का?" असं विचारलेलं नव्हतं.

"मी नसली तं तुमी डोंगराखालीच घर बांधून राहसान," शीतल म्हणायची.

"राहीन ना. तू डबा पाठवत जा."

हे बोलणं त्यांच्यात इतक्यांदा झालं होतं, की आता त्यावर दोघंही हसत नसत.

त्या रविवारी दोघं वाघदऱ्याच्या डोंगरावर होती. आदल्या दिवशी पोळा झाला होता. शीतलनं मातीचे बैल पुजले होते, पुरणपोळ्या केल्या होत्या, त्यातल्याच चार डब्यात होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय असतं, हे मात्र दोघांच्याही डोक्यातून साफ गेलं होतं. हेरंबचे आजोबा बेल्याचे, शीतलचं माहेर वांकिडीकडचं. तशी दोघं कापसाच्या शेतातूनच आलेली. पण नोकरीच्या गावात सण कॅलेंडरच्या लाल आकड्यापुरता उरतो, आणि पोळ्याच्या करीला लाल आकडा नसतो.

डोंगराचा माथा सपाट होता. कमरेएवढं गवत, मधूनमधून मोहाची झाडं. ओढ्याकाठी बसून दोघांनी पोळ्या खाल्ल्या आणि पलीकडची उतरण धरली. हेरंब पुढे, शीतल मागे गाणं गुणगुणत. गाणं मधेच थांबलं. त्यानं वळून पाहिलं तर ती एका पायावर उभी होती आणि दगडाच्या कडेला फणा काढून नाग. नागानं दोघांकडे पाहिलं, फणा मिटला आणि सावकाश गवतात निघून गेला. शीतलच्या घोट्याच्या जरा वर दोन ठिपके होते. रक्त म्हणावं तर एक थेंब.

"मलेच लागलं पान," शीतल म्हणाली. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं, ही तिच्या माहेरची रीत. तिच्या आवाजात भीतीपेक्षा नवल जास्त होतं.

साप चावलेल्या माणसाला चालवू नये, हे हेरंबला ठाऊक होतं. पण उतरण अशी होती, की पाठीवर घेतलं असतं तर दोघंही खाली गेली असती. काही ठिकाणी ती बसून घसरत आली, काही ठिकाणी त्यानं तिला कवेत धरून खाली घेतलं. दर वळणावर तो फोन काढून पाहत होता. डोंगराच्या त्या कुशीत, पार खालच्या गावापर्यंत, कुठल्याच कंपनीची रेंज नव्हती. शेवटी खाली काळी सडक दिसली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. ही सडक वाघदरा गावातून जाऊन गुडीहत्नूरला हायवेला मिळते, हायवेनं आदिलाबाद, आणि आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन असतं. माणसं वाचतात. त्याच्या बँकेतला शिपाई वाचला होता. फक्त एक गाडी हवी होती, आणि लवकर हवी होती.

डोंगराची वाट सडकेला मिळते तिथं शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याच्याभोवती पळसाच्या ताज्या फांद्यांचा मोठा ढीग पडला होता. एवढ्या फांद्या कुणी तोडून टाकल्या, असा विचारही त्याच्या मनात आला नाही. रात्रीच्या पावसानं जमिनीचा नुसता चिखल झालेला. पळसाची रुंद पानं बऱ्यापैकी कोरडी होती. त्यांवर त्यानं शीतलला टेकून बसवलं. मग त्यातलीच एक डेरेदार फांदी उचलून तो सडकेच्या मधोमध उभा राहिला. दुरून दिसावं म्हणून.

पहिली आली ती मोटरसायकल. नवरा, बायको आणि मधे लेकरू. हेरंबनं फांदी हलवली. गाडी मंदावली. बाईनं हेरंबकडे पाहिलं, त्याच्या मागे पाहिलं आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. मोटरसायकल सडकेची पार पलीकडची कड धरून, अर्धी शेतात उतरून निघून गेली. जाताना बाईनं लेकराच्या डोळ्यांवर पदर धरला होता.

मग एक रिकामा पिकअप आला. हेरंब आडवा गेला. "साप चावला हो," तो ओरडला, मराठीत, मग हिंदीत, मग येत होती तेवढ्या तेलुगूत. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून त्याला हात जोडले आणि वळसा घालून गाडी काढली. पाठोपाठ बायांनी भरलेली एक ऑटो आली, ती तर जवळही आली नाही. बरीच पुढे जाऊन थांबली, तिच्यातून एका म्हातारीनं हात काढून कसलीशी खूण केली. हेरंबला वाटलं, ती सडकेतून बाजूला व्हा म्हणते आहे. तो तिच्या नावानं नको ते बोलला. ऑटोही गेली.

आता माणूस अशा वेळी कुणाला दोष देतो? आधी दारूला. पोळ्याची उतरलेली नाही भडव्यांची, असं तो मोठ्यानं म्हणाला. मग गावंढळपणाला, मग या सगळ्या जिल्ह्याला, आणि सरतेशेवटी माणूस नावाच्या जातीलाच. अशी शिव्यांची लाखोली तो वाहत राहिला. बायको मरते आहे आणि लोक हात जोडून जाताहेत, हे त्याला कुठेच बसवता येईना.

"अहो," शीतल मागून म्हणाली. "ती फांदी टाका आधी."

त्यानं वळून पाहिलं. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या, अर्ध्यावर येऊन थांबल्या होत्या. पण ती हसत होती.

"आज कर हाये ना," ती म्हणाली. "अन् तुमी मले बडग्यावर बसवलं."

मग हेरंबला ढीग दिसला. म्हणजे इतका वेळ समोर होता तोच, पण आता दिसला. फांद्यांखालून एक झिजलेली केरसुणी डोकावत होती, एक फुटकं सूप होतं, कुणाची तरी फाटकी गोधडी होती. पोळ्याला या भागात दारोदारी पळसाच्या फांद्या टेकवतात. करीच्या पहाटे सगळं गाव उठतं, त्या फांद्या आणि घरातली मोडतोड घेऊन आरडत-ओरडत शिवेवर नेऊन टाकतं. रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, माशा-मच्छर घेऊन जा. वर्षभराची पीडा गावाबाहेर. त्यालाच बडगा म्हणायचं. त्यानंतर दिवस मावळेस्तोवर शिवेवरची काडीसुद्धा उचलून कुणी गावाकडे आणत नाही. हेरंबनं लहानपणी बेल्याला हे स्वतः केलं होतं, घसा बसेपर्यंत. आणि आज तो अख्ख्या वाघदऱ्याच्या पीडेवर बायकोला बसवून, तीच पीडा हातात नाचवत, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबा म्हणत होता. त्याची त्यालाच किळस आली.

"मले उचला अन् पुढं न्या," शीतल म्हणाली. "शीव ओलांडली की कोनी बी थांबते. ती म्हातारी तेच सांगून राह्यली होती."

त्यानं तिला पाठीवर घेतलं. गाव अजून दोन-अडीच मैल होतं, तेवढं आपल्याच्यानं होणार नाही हे त्याला पहिल्या पन्नास पावलांतच कळलं, तरी तो चालत राहिला. पिशव्या शिवेवरच राहिल्या. शीतलची हनुवटी त्याच्या खांद्यावर होती आणि ती त्याच्या कानात बोलत होती. शाळेतल्या ढ पोराला शिकवावं तसं शिकवत होती.

"गाडी आली की हात हलवाचा नाई. हलवला की मानूस भेते. खांद्याएवढा धराचा. त्याच्या डोयात पाहाचं."

"हो."

"अन् सरळ विचाराचं. लोक नाई म्हणत नाईत हो. आपनच विचारत नाई."

"बोलू नको शीतल. दम जाते तुहा."

"जाऊ द्या," ती म्हणाली, पण शब्द आता एकमेकांत अडकून येत होते. नंतर तिनं आणखी एक वाक्य म्हटलं, त्यातलं काहीच त्याला लागलं नाही.

मागून जीपचा आवाज आला तेव्हा हेरंबचे दोन्ही हात तिच्या पायांखाली अडकलेले होते. हात खांद्याएवढा धरायचा तर तिला खाली ठेवावं लागलं असतं. तो नुसता वळून उभा राहिला, आणि जीप थांबली. खरोखर थांबली. त्याला काही विचारावंच लागलं नाही. आतला माणूस इंजिन चालू ठेवून खाली उतरला, शीतलचा पाय पाहिला आणि म्हणाला, "पान लागलं काय?" हेरंबनं मान हलवली. एवढ्यानं काम झालं याचं त्याला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांतून पाणी आलं.

त्या माणसाचं नाव सुधाकरराव, वाघदऱ्याचाच शेतकरी, पन्नाशीचा. मागच्या सीटवर त्याची आई, जयवंताबाई, नऊवारी लुगड्यातली काटक म्हातारी. दोघं घाटापलीकडून, तिच्या लेकीकडून परत येत होती. म्हातारीनं एका अक्षराचीही वाट न पाहता मांडी पसरली आणि शीतलचं डोकं तीवर घेतलं. पदरानं तिचं तोंड पुसलं. "घाबरू नको व माय," ती म्हणाली, "आता पोचतो आपन."

जीप निघाली. हेरंब समोरच्या बाकावर बसून शीतलचे दोन्ही हात धरून होता. म्हातारी तिच्या केसांतून हात फिरवत होती. मधेच तिचा हात थांबला. तिनं केसांतून एक पळसाचं पान काढलं, हिरवंगार, आणि ते हातात धरून हेरंबकडे पाहिलं.

"तुमी शिवेवर बसेल होते काय, बाबू?"

नाही, म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. डोंगरावर पळसाचं काय दुर्भिक्ष आहे? पण खोटं बोलायलाही समोरच्याकडे थोडा विश्वास मागावा लागतो, आणि हेरंबला मागणं सुचलं नाही. "आमच्या ध्यानात नव्हतं," तो म्हणाला.

म्हातारीनं पान खिडकीबाहेर टाकलं. गावाची पाण्याची टाकी झाडांवरून दिसायला लागली, तेव्हा ती पुढे वाकून म्हणाली, "सुधाकर, पांदनीनं घे."

सुधाकररावानं आरशातून मागे पाहिलं. "माय, पांदनीत चिखल हाये. सडकेनं गावातून धा मिंटात हायवे लागते."

"गावातून नोको नेऊ. हे शिवेवरून उठून आलेले हायेत. आज गावातून नोको."

"माय."

"गेल्या साली पोट्ट्यायनं दारू पिऊन बडगा अर्ध्या रस्त्यातच टाकला होता. आठ दिसात आपलं लेकरू तापानं गेलं. तू इसरला असशीन, मी नाई इसरली." मग ती हेरंबकडे वळली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "राग नोका मानू बाबू. तुमच्या बाईले मी माह्या लेकीवानी धरते. पर गावात लेकरं हायेत. वरसाच्या आत सन नाई म्हून पोळ्याले बी आमी घरी नोतो. जरासाच वळसा हाये. पांदन थेट हायवेले निंगते."

आणि इथं हेरंबनं काय केलं? त्याच्या डोक्यात सगळं होतं. वळसा जरासा नाही, काळ्या रानातली पांदण आहे, रात्री पाऊस झाला आहे, शीतलच्या छातीचा भाता आता वरच्या वर हलतो आहे. हे सगळं त्याला दिसत होतं. पण इतक्या गाड्या गेल्यावर ही एक थांबली होती. हुज्जत घातली आणि यांनी उतरवून दिलं तर? उपकार करणाऱ्याला रस्ता कुठला घ्या म्हणून कसं सांगायचं? आणि म्हातारीचा नातू गेला होता, तिच्या शब्दापुढे आपला शब्द कसा टाकायचा? तो सुधाकररावाच्या पाठीकडे पाहत राहिला, तो काही बोलेल म्हणून. सुधाकरराव आरशातून त्याच्याकडे पाहत होता, बहुधा त्याचसाठी. दोघांपैकी कुणीही बोललं नाही. फाटा आला आणि जीप डावीकडे वळली.

जीप वळताना शीतलनं हात उचलला. डोळे मिटलेले होते, पापण्या तिच्या ताब्यात राहिल्या नव्हत्या, पण हात उचलला, खांद्याएवढा, आणि धरून ठेवला. हेरंबला वाटलं, पाणी मागते आहे. त्यानं जीपमधल्या बाटलीचं बूच काढून ती तिच्या ओठांना लावली. पाणी तोंडाच्या कडेनं म्हातारीच्या लुगड्यावर सांडलं. तिला पाणी नको होतं. हात हळूहळू खाली आला आणि हेरंबनं तो पुन्हा धरला.

पांदणीची सुरुवात बरी होती. दोन्ही बाजूंना कापूस, पात्या-फुलांवर आलेला, मधून बैलगाडीच्या चाकोऱ्या. सुधाकरराव जीव तोडून चालवत होता. पण काळी माती ती काळी माती. एका खोलगट जागी मागचं चाक फिरलं, पुन्हा फिरलं, आणि धुरळ्याऐवजी चिखल उडवत जागच्या जागी बसलं. सुधाकररावानं गिअर बदलून पाहिले. मग तो उतरला, हेरंबही उतरला. चाकाखाली दगड घातले, पऱ्हाटीच्या जुन्या काड्या घातल्या, स्वतःचा सदरा काढून सुधाकररावानं घातला. हेरंबनं मागून खांदा लावला. चिखल तोंडात गेला. जीप पुढे जायची, थरथरायची आणि पुन्हा त्याच खड्ड्यात मागे यायची. हेरंबला वाटलं, आपण हे आयुष्यभर करतो आहोत आणि आयुष्यभर करणार आहोत.

आणि गाव तिथंच होतं. शेताच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. देवळाच्या भोंग्यावर कुणीतरी भजन लावलं होतं, त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. कुणाच्या तरी घरून कढईतल्या तेलाचा वास येत होता. लेकरं खेळत होती, त्यांचा गलका येत होता.

"सुधाकर," म्हातारीनं आतून हाक मारली. तो आवाज ऐकूनच हेरंब खांदा सोडून धावला. शीतलचा श्वास आता मोजून, अंतरानं येत होता. दोन श्वासांमधे इतकी जागा होती, की हेरंबला प्रत्येक वेळी वाटे, हाच शेवटचा. जयवंताबाईनं दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"गावात ने इले," म्हातारी म्हणाली. "उचल बाप्पा, गावात ने. होऊ दे काय होते ते."

दोघांनी उचललं. सुधाकररावानं खांदे धरले, हेरंबनं पाय, आणि ते कापसाच्या उभ्या पिकातून सरळ निघाले. झाडं मोडत, पाय घसरत. म्हातारी मागे, लुगडं खोचून, "जपून, जपून" म्हणत. अर्ध्या शेतात हेरंबला कळलं, की तो ज्या पुढच्या श्वासाची वाट पाहत होता तो येत नाही. तो थांबला नाही. थांबलं तर ते खरं होईल असं त्याला वाटलं. चालत राहिलं तर अजून काहीतरी होऊ शकतं.

गावाच्या पहिल्याच घराच्या ओट्यावर केशवराव म्हणून एक गृहस्थ बसले होते. चिखलानं माखलेले दोन पुरुष आणि मधे एक बाई, हे पाहून ते उडी मारून उठले. कोण, कुठले, काही विचारलं नाही. घरातून बाज आणली, बाजेवर आपल्याच अंगावरचं उपरणं अंथरलं. "ये पूनम, धाव," त्यांनी हाक दिली आणि शेजारच्या घरातून गावची आशा वर्कर अर्धा घास तोंडात घेऊन धावत आली. चार घरांतून माणसं आली. कुणी पाणी आणलं, कुणी वाट करून दिली. केशवरावांचा मुलगा नागपूरहून सणाला आलेला, त्यानं न सांगताच अंगणातली पांढरी कार वळवून दारं उघडून ठेवली. एकही माणूस मागे सरला नाही. एकाही बाईनं लेकराला पदराखाली घेतलं नाही. शीतलच्या केसांत अजून पळसाची दोन पानं होती, ती पूनमनं मानेची नाडी पाहताना सहज काढून बाजूला टाकली.

पूनमनं मान पाहिली, डोळे उघडून पाहिले, छातीला कान लावला. मग ती उठली आणि कुणाकडेच न पाहता पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"कुठी लागलं पान?" केशवरावांनी हळू आवाजात विचारलं.

"डोंगरावर," सुधाकरराव म्हणाला. "शिवेपाशी बसेल होते. मंग आमी घेतलं."

"मंग सडकेनं सरळ काऊन नाई आनलं? इथं गाडी होती. आतालोक तुमी गुडीहत्नूरच्या पार गेले असते. पांदनीत काऊन घातली जीप?"

सुधाकररावानं मान खाली घातली. जयवंताबाई ओट्याच्या पायरीवर बसली होती. "मीच म्हनलं," ती म्हणाली. "बडग्यावरून उठून आलेले होते. गावात लेकरं हायेत, मले वाटलं, गाव येऊ देनार नाई."

"कोनी म्हनलं होतं काय तुले तसं?"

"नाई."

"आमाले इचारलं तरी असतं, काकू," केशवराव म्हणाले. ते रागावले नव्हते. म्हणूनच ते ऐकवेना. म्हातारीनं कपाळ गुडघ्यांवर टेकवलं आणि ती आवाज न करता हलू लागली.

हेरंब बाजेशी उभा होता. त्याच्या तोंडावरचा चिखल वाळायला लागला होता. त्यानं एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा सुधाकररावाकडे, आणि मग त्याच्या आतून काहीतरी सुटलं. तो सुधाकररावापुढे गेला, त्याचे दोन्ही दंड धरले आणि त्याच्या डोळ्यांत पाहून बोलायला लागला, स्पष्ट, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

"गावातून घ्या," तो म्हणाला. "मी हात जोडतो तुमाले. पांदनीनं नका नेऊ. सडकेनं घ्या, गावातून घ्या, मी त्यायच्या पाया पडतो, मी बोलतो सगळ्यायशी. मी विचारतो. तुमी फक्त सरळ घ्या."

सुधाकररावाच्या उघड्या छातीवर चिखल होता. हेरंबनं त्याचे दंड सोडले नाहीत. "सरळ घ्या हो," तो पुन्हा म्हणाला. "एवढं ऐका माझं."

केशवराव मागून आले. त्यांनी हेरंबच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला सांगावं तसं हळू सांगितलं.

"गावातच हाओ बाप्पा आपन."